सातव्या पानानंतर दहावं

पहिला सिनेमा आला तेव्हा बाइंडर हसला. दुसरा आला तेव्हा चिडला. तिसरा आला तेव्हा तो स्वतःच पडद्यावर होता, आणि त्या दिवशी काय झालं ते कळायला आधी हा माणूस कळायला हवा.

माणूस तुसडा. जिन्याखाली दोन खोल्यांचं दुकान. पुढच्या खोलीत लोखंडी दाबयंत्र, लांब पात्याची सुरी, पुठ्ठ्यांची चवड आणि स्टोव्हवर खळीचं पातेलं. मागच्या खोलीत त्याची बायको छापील कागदांच्या घड्या घालायची. लग्न झाल्यापासून घालत होती, आणि घडीत एखादा कागद कमी-जास्त असला तर न बघता बोटांनी सांगायची. दारावर पाटी होती, 'घाई असेल तर दुसरीकडे जा.' गिऱ्हाईक म्हणायचं, काय माज आहे! तर माज होताच. वकिलांची बाडं बांधताना तो वकिलांना नावं ठेवायचा, प्रोफेसरांचे प्रबंध बांधताना प्रोफेसरांना. "घ्या, पुठ्ठा तेवढा वाचण्यासारखा झालाय," असं म्हणून प्रबंध हातावर ठेवायचा. नाकानं कांदे सोलावेत ते यानंच.

पण शहर त्याला ओळखायचं ते वेगळ्याच कामासाठी. शहरात एक थोर पियानोवादक होऊन गेले, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांच्या नोटेशनच्या वह्या बांधायला हा जायचा. पानं हाताळताना याचे हात मास्तरांनी पाहिले आणि म्हणाले, "बाइंडर, मैफलीत माझ्या शेजारी बसाल का?" तेव्हापासून मास्तर वारेपर्यंत सतरा वर्षं हा पियानोच्या डाव्या अंगाला, बिनपाठीच्या स्टुलावर बसून पानं उलटत राहिला. लोकांनी नाव पाडलं, पानउलट्या. त्याला ते आवडायचं, पण तसं दाखवायचा नाही.

पानं उलटण्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्यानं एकदा बसून बघावं. मास्तरांची हनुवटी खाली आली की उठायचं. डाव्या हातानं पानाचा वरचा कोपरा धरायचा, पण बाही मास्तरांच्या डोळ्यांसमोर आणायची नाही. हनुवटी दुसऱ्यांदा हलली की उलटायचं आणि बसायचं. मध्ये खोकायचं नाही, मान डोलवायची नाही, केसांना वासाचं तेल लावायचं नाही. टाळ्या सुरू झाल्या की आपल्या बुटांकडे बघायचं, कारण त्या आपल्यासाठी नसतात.

आता ती प्रसिद्ध संध्याकाळ. एकवीस वर्षांपूर्वी मास्तरांनी स्वतःची नवी रचना पहिल्यांदा वाजवली. रचना निम्म्यावर आली आणि मास्तर थांबले. दोन्ही हात हवेत. पाच श्वासांइतका वेळ हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग त्यांनी डाव्या हाताची एकच खालची पट्टी तीनदा वाजवली आणि भलत्याच वाटेनं पुढे निघून गेले. बायाबापड्या रडल्या, बापेही रडले. दुसऱ्या दिवशी समीक्षकांनी लिहिलं की संगीताच्या इतिहासात अशी स्तब्धता झाली नाही. तेव्हापासून 'ती स्तब्धता' म्हटलं की शहाण्या माणसानं डोळे मिटायचे असा नियमच पडला. तिच्यावर तीन पुस्तकं निघाली. तिन्ही बाइंडरनंच बांधली आणि तिन्ही लेखकांना नावं ठेवली.

मास्तर जाऊन दहा वर्षं झाली तेव्हा सिनेमावाल्यांना त्यांचा पुळका आला. सरळ जन्मला, शिकला, वाजवला, वारला असं दाखवणं म्हणे जुनं झालं. पहिल्या सिनेमात मास्तर नव्हतेच, त्यांचा ओव्हरकोट होता. दोन तास कोट खुंटीला, कोट बाकावर, कोट बोटीत. कोटाचा प्रेमभंगसुद्धा झाला. आणि त्या संध्याकाळी स्तब्धता का झाली? तर कोटाचं बटण तुटून पडलं म्हणून. लोक बाहेर येऊन म्हणाले, काय धाडस आहे! डोकं गहाण टाकून केलेल्या कामाला हल्ली धाडस म्हणतात. बाइंडर आठवडाभर हसत होता. गिऱ्हाईक आलं की स्वतःचा कोट खुर्चीवर ठेवून म्हणायचा, "यांच्याशी बोला, मालक हे आहेत."

दुसऱ्यात मास्तर सात होते. एक नऊ वर्षांची मुलगी, एक पैलवान, एक दाई, दोन जुळे भाऊ, एक कवळी लावणारा म्हातारा आणि एक माणूस जो नुसता पाठमोरा होता. त्या संध्याकाळी सातही जण पियानोभोवती जमून एकमेकांकडे बघत बसतात, आणि ती म्हणे स्तब्धता. तेही बाइंडरनं सोसलं असतं. पण पियानोशेजारी स्टूल नव्हतं. पानं वाऱ्यानं उलटत होती, एकामागून एक, फडफड फडफड. बाइंडर भर थेटरात उभा राहिला. "अरे, बंद हॉलमध्ये वारा कुठून आला? तुझ्या काकानं सोडला काय?" बायकोनं सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

दिग्दर्शक गाढव होता हे खरंच. पण ती स्तब्धता का झाली याचं खरं कारण बाइंडरच्या समजुतीप्रमाणे जगात एकाच जिवंत माणसाला ठाऊक होतं, आणि तोच त्या वाऱ्यावर ओरडत होता.

झालं होतं असं. त्या दिवशी दुपारी तालमीत वहीच्या सातव्या पानाचा कोपरा फाटला. बाइंडर वही दुकानात घेऊन आला, पानाच्या मागून पातळ कागदाचं ठिगळ खळीनं चिकटवलं. असं ठिगळ लावलं की टीपकागद मध्ये घालून, वर वजन ठेवून, दुसऱ्या दिवसापर्यंत वहीला हात लावायचा नाही. हे बाइंडिंगमधलं पहिलं अक्षर. पण हॉलची गाडी तासभर लवकर आली, ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला, आणि या जन्मभर दुसऱ्यांना अक्कल शिकवणाऱ्या माणसानं खळ ओली असताना वही मिटली. संध्याकाळी मास्तरांची हनुवटी हलली, यानं कोपरा धरला आणि उलटलं. हाताला जाड लागलं तोवर उशीर झाला होता. सातव्या पानानंतर दहावं आलं होतं. आठवं आणि नववं एकमेकांना चिकटून बसलं होतं, आणि मास्तर दोन्ही हात हवेत धरून बसले होते. मास्तरांचं पाठांतर कच्चं होतं, ही गोष्ट शहरात दोघांनाच माहीत, एक मास्तर आणि एक हा.

मैफल संपल्यावर मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "वही माझ्याकडे द्या." तोवर वही नेहमी बाइंडर उचलायचा. पुढच्या मैफलीत ती रचना आली तेव्हा मास्तर म्हणाले, "याला वही नको, मी पाठ केलीय. तुम्ही जरा पडद्याआड बसा." बाकीच्या सगळ्या रचनांना हा शेजारी आणि त्या एका रचनेला स्टूल उचलून पडद्याआड. असं नऊ वर्षं. अख्ख्या हॉलसमोर स्टूल उचलून आत जाताना तो आपल्या बुटांकडे बघायचा. मास्तरांनी आपल्याला मनातून काढून टाकलं, हात नालायक ठरवला, एवढं त्याला त्यातून कळलं. विचारायचं धाडस झालं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मग मास्तर गेले आणि उत्तर देणारंच कुणी उरलं नाही. तेवढी पाटी मात्र त्यानं त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी दारावर लावली होती. लोकांना वाटायचं गिऱ्हाइकासाठी आहे.

तर तिसऱ्या सिनेमाची दिग्दर्शक बाई दुकानात आली. डोक्यावर चष्मा, गळ्यात दुसरा चष्मा. आल्या आल्या खळीच्या पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "किती प्रामाणिक रंग आहे हा!"

"खळ आहे," बाइंडर म्हणाला.

"माझ्या सिनेमात मास्तरांचा चेहराच दिसणार नाही. नुसते हात दिसतील. सगळं आयुष्य पानं उलटणाऱ्याच्या नजरेतून. आणि तुमची भूमिका तुम्हीच करायची."

"कोट संपले वाटतं बाजारातले?"

बाई हसली. तिला टोमणा कळला नाही, किंवा असले टोमणे खायची तिला सवय असावी. म्हणाली, "त्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतात. त्या पाच श्वासांत काय झालं?"

मागच्या खोलीत घड्यांचा आवाज थांबला. बायकोही ऐकत होती. तिनंही हाच प्रश्न कधीतरी विचारला होता आणि काहीतरी थातुरमातुर ऐकून गप्प बसली होती.

"काय होणार?" बाइंडर पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला. "स्फूर्ती आली."

जन्मभर लोकांच्या थापांना हसला आणि वेळ आली तेव्हा त्यांच्याच दुकानातली थाप उधार आणून दिली. त्याला स्वतःची किळस आली. तो बाईला हाकलूनच देणार होता, पण ती जाता जाता म्हणाली, "मास्तरांच्या ताईंनी खरी वही द्यायचं कबूल केलंय. शूटिंग त्यांच्याच घरी." झालं. चोराच्या मनात चांदणं. ती वही उघडली तर पानांचे आकडे कुणालाही वाचता येणार होते. आणि मास्तरांना आपल्याविषयी काय वाटलं याची काही खूण राहिली असेलच, तर तीही त्या वहीतच. तो हो म्हणाला.

मास्तरांच्या दिवाणखान्यात तारांचं जाळं झालं होतं. मास्तरांचे हात म्हणून एक दाताचे डॉक्टर आणले होते. बिचारा फावल्या वेळात पियानो वाजवायचा आणि सारखा पाण्यानं हात धूत होता. पाच जण दिव्यांना, तीन जण त्या पाच जणांना सांगायला. एक पोरगा "मौन, मौन" म्हणत ओरडत फिरत होता. खिडकीशी मास्तरांची थोरली बहीण, पंच्याऐंशीच्या ताई, कुणी विचारत नाही म्हणून निवांत बसल्या होत्या. मांडीवर उशीचा अभ्रा आणि अभ्र्यात वही.

"बाइंडर, एकदा चाळून घ्या," ताई म्हणाल्या आणि वही त्याच्या हातात दिली.

हात सदऱ्याला पुसून त्यानं वही उघडली. एक, तीन, पाच, सात. सातवं पान कोपऱ्यात धरलं आणि बोटांना तोच जाडपणा लागला. पानं अजून चिकटलेलीच होती. पण ही त्याच्या हातची चिकटवणी नव्हती. त्याचं ठिगळ कोपऱ्यापुरतं होतं. इथं चारही कडांना खळ फासलेली, जागोजाग गुठळ्या, एका कडेला बोटाचा ठसा. दुकानात असलं काम कुणी केलं असतं तर त्यानं हात धरून बाहेर काढलं असतं. पान उलटून बघतो तर दहाचा आकडा पात्यानं खरवडून तिथं आठ लिहिला होता. अकराचा नऊ. बाराचा दहा. असं शेवटच्या पानापर्यंत, मास्तरांच्या तिरक्या अक्षरात.

"हे कुणी केलं?"

"गुठळ्या माझ्या," ताई म्हणाल्या. "त्या मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणतो, मला खळ करून दे. मला कुठली येते? म्हटलं, तुझा बाइंडर मेलाय का, त्याला सांग. तर म्हणाला, त्यालाच कळता कामा नये. कुणी ही वही उघडून आकडे पाहिले तर त्या माणसाचं दुकान बसेल. स्वतः बोटांनी फासली आणि वर पितळी डबे ठेवले दोन दिवस."

बाइंडरनं त्या ठशावर आपलं बोट ठेवलं. "मग मला पडद्याआड का बसवायचे?"

"ते पान आलं की तुमचा हात कापेल म्हणायचा. एकदा का हात कापायला लागला की बाकीची पानं कोण उलटणार माझी?" ताईंनी अभ्र्याची घडी घातली. "मी म्हटलं, अरे पण दोन पानं गेली की तुझी. तर म्हणाला, जाऊ देत, ती नव्हतीच धड."

"खरंच नव्हती?"

"छे! दोन महिने खपला होता त्या दोन पानांवर. जेवायला उठायचा नाही."

बाइंडर वही उघडी धरून उभा राहिला. त्याला रडू आलं आणि लाज वाटली, आणि लाज जास्त होती. एकवीस वर्षं त्यानंही एक सिनेमाच चालवला होता, एकट्यासाठी. त्यात मास्तर कठोर आणि हा बिचारा. कोटवाल्या सिनेमात निदान कोट तरी खरा होता.

तो सरळ बाईकडे गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, स्फूर्तीबिफूर्ती काही नाही. मी खळ ओली असताना वही मिटली. दोन पानं चिकटली. मी दोन्ही एकदम उलटली म्हणून मास्तर थांबले. हे बघा." आणि वही तिच्यासमोर धरली.

दिव्यांवरचे पाचही जण बघत होते. बाईनं डोक्यावरचा चष्मा लावला, गळ्यातला लावला, वही पाहिली, आणि खूप वेळ विचार केल्यासारखं केलं.

"नाही हो," ती शेवटी म्हणाली. "हे फारच साधं आहे. एवढी वर्षं लोक त्या स्तब्धतेवर रडलेत आणि मी त्यांना खळ दाखवू? प्रेक्षक विश्वास ठेवणार नाहीत."

"पण असंच झालंय!"

"झालं असेल. पण शोभत नाही."

घ्या. याला म्हणतात चाकोरीबाहेरचा सिनेमा! कोटाला प्रेमभंग शोभतो, बंद हॉलमध्ये वारा शोभतो, पण खळ शोभत नाही. बाइंडरच्या जिभेवर चांगल्या चार शिव्या आल्या होत्या. त्या त्यानं गिळल्या, कारण ताई बघत होत्या. तो जाऊन स्टुलावर बसला. डॉक्टरसाहेबांची हनुवटी कॅमेऱ्यात नव्हती, तरी त्यानं त्यांना ती आधी खाली आणायला आणि मग हलवायला शिकवलं. आणि वेळ आली तेव्हा कोपरा धरून त्यानं ते जाड पान उलटलं, एकवीस वर्षांपूर्वी उलटलं होतं तसंच. हात कापला नाही. त्याचा त्यालाच अचंबा वाटला. बाई म्हणाली, "सुंदर!"

घरी त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. परक्यांसमोर बोलून गेला, पण जिच्या घड्यांवर दुकान चाललं तिच्यासमोर तोंड उघडेना.

सिनेमा लागला. थेटर भरलं होतं. शहाणी माणसं आधीपासूनच डोळे मिटायच्या तयारीत बसली होती. तासाभरानं ती संध्याकाळ आली. भल्या मोठ्या पडद्यावर बाइंडरचा हात पुढे आला, दोन बोटांत कोपरा आला, जाड कडेचं पान उलटलं, आणि डॉक्टरांचे स्वच्छ हात हवेत थांबले. थेटरात हुंदके सुरू झाले.

"अहो," बायको हळूच म्हणाली. "दोन पानं उलटलीत तुम्ही."

तो पडद्याकडेच बघत राहिला. "हो."

"चिकटली होती?"

"हो."

"ओली मिटलीत?"

"गाडी लवकर आली होती."

ती म्हणाली, "म्हणून ती पाटी होय." आणि थोड्या वेळानं, "मास्तर काही बोलले नाहीत?"

"त्यांनी स्वतःच्या हातानं परत चिकटवली. चारही बाजूंनी. कुणाला कळू नये म्हणून. मला आत्ता आत्ता कळलं गं." आणि त्रेसष्ट वर्षांचा तो तुसडा माणूस खुर्चीच्या हातावर डोकं टेकून रडायला लागला. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मागच्या रांगेतला एक गृहस्थ पुढे वाकला आणि गहिवरून बायकोला म्हणाला, "रडू द्या त्यांना. ही स्तब्धता कळायला भाग्य लागतं."

"कसली स्तब्धता," ती मागे न वळता म्हणाली. "खळ ओली होती."